छपराखालचा खेळ

उघडं रान सोडून माणूस छपराखाली खेळायला जातो, तेही दार लावून, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे ईट गावच्या महारुद्र पाटलांना कुणी सांगायला लागत नव्हतं. ते पोलीस पाटील. संशय घेणं हे त्यांचं कामच.

बाबामियाँचा सादिक हैदराबादच्या विद्यापीठात शिकून आला, गावच्या शाळेत मास्तर झाला, आणि तिथं बघितलेला बॅडमिंटनच्या खेळाचा बंदिस्त हॉल ईटला उभा करायचं त्याच्या डोक्यात बसलं. जागा कुठली धरावी? तर बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं शेड! आणि दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत पाटलांनी निजामसरकारची धान्याची सक्तीची लेव्ही चुकवून चाळीस पल्ले ज्वारी पुरली होती, ती नेमकी त्याच शेडात, जमिनीखालच्या पेवात. महिन्यावर लेकीचं लग्न. पेव सापडलं तर ज्वारी जाणार, पाटीलकी जाणार, वर हातात बेड्या.

"मास्तर, खिडक्या कशापायी बुजवता?"

"वारं आलं की पिसांचं फूल भरकटतं, पाटील."

"आन् ह्या चुन्याच्या रेघा?"

"मैदानाच्या हद्दी." सादिकनं टाच आपटली. "इथं जमीन पोकळ वाजतीय की ओ!"

पाटलांनी घाईनं त्याच जागेवर पाय रोवला. "उंदरं हायती. लई उंदरं!"

हा मास्तर नव्हेच, लेव्हीवाल्यांचा हेर आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. म्हणे फूल हाणायचं! अरे, फुलाला कधी कुणी हाणतं का?

"गप बसा, नसती उठाठेव करू नका," सारजाबाई म्हणाल्या. बायकोचं ऐकतील तर ते पाटील कसले! त्यांनी भूम गाठलं आणि तिथल्या पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचे कान फुंकले, "साब, कवाडं लावून कायतरी खलबतं चालल्यात. शेडाला टाळं ठोका." किल्ली काय, पोलीस पाटलाकडंच राहणार होती.

दुसऱ्याच दिवशी साहेब शिपाई घेऊन शेडात शिरले. आत सादिक आणि शाळेतले दुसरे पंचाक्षरी मास्तर घामाघूम होऊन फूल हाणत होते. साहेबांनी तपासायला म्हणून जाळीची बॅट हातात घेतली आणि दोन तास खाली ठेवली नाही. शेवटी धुळीनं ठसका लागला.

"खेल उम्दा है! मगर ये धूल? फर्श चाहिए!"

"साब, पाटलांच्या दारात लेकीच्या लग्नासाठी नवी शहाबादी फरशी उतरलीय की," चावडीचा ज्ञानोबा पचकला. मेल्याला कुणी विचारलं होतं?

"क्यों पाटील?"

"व्हय साब," पाटील म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

साहेब तिथंच खुर्ची टाकून बसले. गवंडी लागला. पेवाच्या तोंडाशी काम आलं तशी पाटलांनी त्याच्या हातातली धुम्मस ओढून घेतली आणि पोकळ वाजू नये म्हणून मुरूम टाकून टाकून स्वतः जमीन ठोकली.

"शाबास! पाटील को खेल का कितना शौक है!" असं म्हणून साहेबांनी दाराला सरकारी टाळं लावलं आणि किल्ली सादिकच्या हातात दिली.

घरी आल्यावर सारजाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "ज्वारी हाय न्हवं जाग्यावर?"

"हाय. आता लेव्हीवाल्याच्या बापालाबी घावायची न्हाय."

"आन् आपल्याला?"

पाटलांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "आपल्यालाबी न्हाय," ते म्हणाले.