मुनशीजींचा पाव्हणा

आमच्या शेजारच्या मुनशीजींनी एका सशासाठी देव हलवले.

त्यांच्या घरात पूर्वेच्या भिंतीला एक फळी होती आणि फळीवर त्यांच्या आईच्या वेळचे देव होते. सशाने नेमका त्या फळीखालचा कोपरा आपल्या विधींसाठी पसंत केला. कोणताही शहाणा माणूस सशाला हलवील. मुनशीजींनी अंघोळ केली, देवांना नमस्कार केला आणि फळी उपटून समोरच्या भिंतीला ठोकली. ठोकाठोक ऐकून मी कुडावरून डोकावलो, तर म्हणाले, “देवाले सांगितलं तं समजते, राठोडभाऊ. सशाले कसं समजावू?”

ही गोष्ट आर्णीची, साठ सालाच्या आसपासची. मुनशीजी गावच्या कोंडवाड्याचे मुनशी होते. मोकाट सुटून कोणाच्या शेतात शिरलेली जनावरं धरून आणायची, फाटक लावायचं, मालकाने दंड भरला की सोडायची, हे त्यांचं काम. असल्या माणसावर गावाचं प्रेम नसतं. त्यांना कोणी लग्नाला बोलवत नसे, कारण प्रत्येक मांडवात निदान दोन बैलांचे धनी असत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

माझं त्यांच्याशी वैर होतं आणि ते जुनं होतं.

मी तांड्यातला माणूस. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख फिरले. मी एका बैलगाडीवर सुरुवात केली. भाड्याने कापूस वाहता वाहता पुढे आर्णीत सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं, दुकान टाकलं. जे केलं ते भाव करून केलं. मी लिंबू घेतानाही भाव करतो. तर त्या गाडीच्या दिवसांत एकदा माझा एक बैल दावं तोडून कोणाच्या ज्वारीत शिरला आणि कोंडवाड्यात गेला. मी धावत गेलो. दंड ऐकून म्हटलं, कमी करा. मुनशीजी म्हणाले, “इथं भाव होत नाई. हा बजार नाई, कोंडवाडा हाये.”

मी हात जोडले, शिव्या दिल्या, जातो म्हणून चार पावलं गेलो, परत आलो. सगळी विद्या वापरली. तो माणूस एक पैसा हलला नाही. तोवर माझा कापूस दुसऱ्याच्या गाडीत चढला आणि मी चौकात एक बैल जुंपलेली गाडी घेऊन उभा. लोक विचारत, “दुसरा कुठं गेला? सासरी?” ते मी विसरलेलो नाही.

पुढे आर्णीत घर घेतलं. घासाघीस करून इतकं स्वस्त पाडलं की गावभर सांगत सुटलो. पुढच्या खोलीत दुकान हलवून राहायला आल्यावर कळलं, शेजारी मुनशीजी आहेत. घर स्वस्त का पडलं तेही तेव्हाच कळलं.

ससा त्यांच्याकडे आला तो नोकरीच्या अगदी शेवटी. जत्रेत एक जादूवाला आला होता, त्याचा तो पांढरा ससा सुटून कोणाच्या मेथीच्या वाफ्यात सापडला. धरून कोंडवाड्यात आणला. मुनशीजींनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात कोंडायच्या जनावरांची नावं होती. हत्ती होता, उंट होता, खेचर होतं, डुकरापर्यंत सगळे होते. ससा नव्हता. ज्याला कलम नाही त्याला कोंडता येत नाही, आणि सोडावा तर कुत्री फाडतील. म्हणून मालक येईपर्यंत त्यांनी तो घरी नेला. जादूवाला पुन्हा आलाच नाही. मुनशीजी निवृत्त झाले, ससा राहिला. त्याचं नाव त्यांनी ‘पाव्हणे’ ठेवलं आणि कधी त्याला अरे-तुरे केलं नाही.

आता कलमात नसलेला प्राणी कोंडायचा नाही, तर घरभर होणाऱ्या लेंड्यांचं काय करायचं? इथे मुनशीजींची बुद्धी पाहण्यासारखी होती. सुरुवातीला त्यांनी दोन बाजा आडव्या उभ्या करून कोपऱ्यात लहानशी जागा केली. “ही कोठडी नाई. ओळख होईपर्यंत सोय हाये,” असं ते सशाला सांगत. कोपऱ्यात एक घमेलं, त्यात तुरीचं कुटार म्हणजे भुसा, कडेला गवताची पेंढी. ससा खाता खाताच मोकळा होतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. बाहेर पडलेल्या लेंड्या दोन बोटांनी उचलून परत घमेल्यात टाकायच्या, म्हणजे जागा त्याची त्याला कळते. ओला डाग पडला तर चिंचेच्या पाण्याने पुसायचा, म्हणजे वास राहत नाही. सवय टिकली की बाज एक हात मागे. पुन्हा टिकली, आणखी एक हात. चुकली तर बाज परत पुढे, पण ओरडायचं नाही. असं करत करत सशाला खोली मिळाली, मग पडवी, मग अंगण.

आणि अंगणानंतर, कुडाच्या भोकातून, माझं दुकान.

एका सकाळी पाहतो तर माझ्या गादीमागच्या कोपऱ्यात घमेलं, आणि मुनशीजी वाकून त्यात कुटार पसरत होते.

“मुनशीजी, हे काय?”

“घमेलं.”

“ते मले दिसून राह्यलं. माह्या दुकानात काहून?”

“पाव्हण्यांनी जागा ठरवली. घमेलं नाई ठेवलं तं ते ढेपेवर जातीन. नुकसान तुमचं.”

“मंग बांधून ठेवा तुमच्या पाव्हण्याले!”

“कोणत्या कलमाखाली?” त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ घमेलं साफ करायला येऊ लागले. काम दोन मिनिटांचं. नंतर पोत्यावर बसत. गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या तुरीला अळी लागली. स्वतः फारसं बोलत नसत. माझी बायको आत चहा टाकी तेव्हा एक कप जास्तीचा टाकू लागली. मी तिला त्यावरून बोललोही. ती म्हणाली, “कपभर पाण्यानं तुमची ढेप नाई भिजत.”

हे सगळं मी सोसलं. पण एक दिवस नेर गावाकडचा एक शेतकरी सरकी घ्यायला आला. मी तागडीत सरकी ओतली, आणि वर पाचसहा काळ्या लेंड्या चमकल्या. पाव्हणे सरकीच्या पोत्यात बसून गेले होते. शेतकरी हुशार. हसून म्हणाला, “शेठ, हे सरकीच्या भावात देता का येगळ्या?” मग त्या लेंड्यांवरून त्याने भाव पाडायला सुरुवात केली. आजूबाजूचे हसू लागले आणि मला भाव सोडावा लागला. मला! माझ्या गादीवर! डोकं असं तापलं की तो गेल्याबरोबर मी कोंबड्यांचं डालं आणलं, कोपऱ्यात बसलेल्या सशावर टाकलं, वर दगड ठेवला आणि ते गोदामात सरकवलं.

ठरवून टाकलं. आता यावं मुनशीजींनी. हात जोडावे, कमी करा म्हणावं, जातो म्हणून चार पावलं जावं आणि परत यावं.

दुपारी ते शोधायला निघाले. हाका मारल्या नाहीत. हातात रिकामं घमेलं, त्यावर नखांनी टिकटिक वाजवत गल्लीतून गेले. त्या आवाजाला ससा येत असे. लोकांना आयतीच गंमत मिळाली. “काय मुनशीजी, जनावर हरवलं? कोंडवाड्यात पाहा ना!” पानठेल्यावरून कोणी ओरडलं, “दंड भरा, दंड!” टिकटिक नदीकडे गेली, परत आली, बाजाराकडे गेली.

बायको म्हणाली, “देऊन टाका ना जी. म्हातारं उन्हात फिरून राह्यलं.”

“तू मधात बोलू नको.”

“मी नाई बोलत. तुमचं जेवण झाकून ठेवलं हाये, तेबी तसंच पडून हाये.”

दिवेलागणीला ते माझ्या दुकानाशी आले. नेहमीसारखे आत आले नाहीत, पायरीखाली उभे राहिले. मीही बसा म्हटलं नाही.

“तुमच्याकडं हायेत का?”

“हाये. कोंडलं. माहं नुकसान केलं त्यानं.”

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. “बरं केलं. मले वाटलं, कुत्र्यानं… सावलीत हायेत ना? पाणी?”

“हाये पाणी.”

“मंग दंड सांगा.”

मी दंड सांगितला. दुपारभर घोळवून ठरवला होता, बाजारात चांगली शेळी येईल एवढा. मागितलेला भाव कोणी देत नसतो, तो खाली येण्यासाठीच असतो. मुनशीजींनी कोटाच्या आतल्या खिशातून पैसे काढले आणि पायरीवर ठेवू लागले.

माझा तोलच गेला. “अहो, कमी करा म्हणा ना!”

“नाई.”

“काहून नाई? जास्त हाये! मले माहीत हाये, तुमाले माहीत हाये!”

“जास्तच हाये.”

“मंग?”

त्यांनी गोदामाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ते ऐकून राह्यले, भाऊ.”

मला समजेना. मग ते पायरीवर टेकले आणि हळूहळू बोलू लागले. “कोंडवाड्यावर लोक येत. बाहेर उभं राहून म्हणत, बैल म्हातारा हाये, लंगडा हाये, एवढ्या दंडाच्या लायकीचा नाई, ठेवून घ्या तुमीच. अन् आत ते जनावर धन्याचा आवाज ओळखून फाटकाशी येऊन उभं राह्यलेलं राहे. कान टवकारून. मले ते पाहवत नसे. म्हणून मी आधीच सांगो, इथं भाव होत नाई. बोलणं लवकर बंद व्हावं म्हणून.”

त्या दिवशी फाटकाबाहेर उभं राहून मी माझ्या बैलाबद्दल काय काय बोललो होतो, ते मला आठवलं. ते इथे लिहायची गरज नाही. दंड जास्त होता, हे मात्र मी आजही म्हणतो.

मी म्हटलं, अर्धे द्या. ते म्हणाले, नाही, पुरे घ्या. मी म्हटलं, बरं, पाव द्या. ते म्हणाले, नुकसान तुमचं झालं. मी माझाच भाव पाडत चाललो होतो आणि समोरचा तो चढवत होता. असा सौदा मी जन्मात केला नव्हता आणि तो कुठे जाऊन थांबला असता कोण जाणे. आतून बायको आली, आमच्याकडे न पाहता गोदामात गेली आणि तिने डालं उचललं.

ससा वेगाने बाहेर आला. मुनशीजींकडे गेला नाही. सरळ गादीमागच्या कोपऱ्यात घमेल्यात जाऊन बसला. डाल्याखाली एक थेंब नव्हता. दिवसभर त्याने धरून ठेवलं होतं.

“तोंड फिरवा, भाऊ,” मुनशीजी हळूच म्हणाले.

मी आणि मुनशीजी, दोघेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

मग त्यांनी ससा कोटात घेतला, घमेलं बाहेर झाडून काखेत मारलं आणि म्हणाले, “तक्रार खरी हाये तुमची. आता घरातच ठेवीन.” पैसे पायरीवरच राहिले होते. ते बायकोने त्यांच्या खिशात कोंबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुडाचं भोक बाभळीच्या काट्यांनी बुजवलं.

दुकान स्वच्छ झालं. तागडी स्वच्छ, कोपरा स्वच्छ. ससा येत नव्हता, म्हणून मुनशीजीही येत नव्हते. साफ करायला काही नसेल तर ते कशाला येणार? मी गिऱ्हाइकांशी नेहमीसारखा भांडत होतो. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा कुडापलीकडून आवाज आला. मुनशीजी बोलत होते. “नाई पाव्हणे, तिकडं नाई जायचं. मलेबी वाटते. पण म्हैस कोणाची व्याली ते आपल्याले समजून करायचं तरी काय? आं?” मग पुन्हा, “बसा. इथंच बसू.”

मी गादीवरून उठलो आणि कुडाशी जाऊन ओरडलो, “मुनशीजी! ससा पाठवा. गोदामात उंदीर फार झाले.”

पलीकडून उत्तर आलं, “ससा उंदीर खात नाई, भाऊ.”

“मले शिकवू नका. पाठवा म्हटलं तं पाठवा.”

“उंदराले मांजर पाह्यजे.”

“मांजर दूध मांगते. मले परवडत नाई.”

काटे सरकवल्याचा आवाज आला, आणि भोकातून मुनशीजींचा अर्धा चेहरा दिसला. “कोणत्या वेळी पाठवू?”

“चहाच्या,” मी म्हटलं आणि आत निघून आलो.

चहाच्या वेळी मुनशीजी आले, पोत्यावर बसले. ससा काही बरोबर नव्हता. तो झोपला आहे म्हणाले. मीही उंदरांचा विषय काढला नाही.