धसईचा भाचा

आईशप्पथ, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. सगळी माझ्या डोळ्यांदेखत घडली. (म्हणजे मी मोरीत लपलो होतो, दिसलं काहीच नाही. पण ऐकू स्वच्छ येत होतं.)

आटगावात स्टेशनापासून जवळच आम्ही भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधल्या. अशा खोल्या अख्ख्या शहापूर तालुक्यात नाहीत, हे मी तालुका न फिरता सांगतो. अडचण एकच, बायको. कमळनं लाद्या स्वतः निवडल्या, भिंतींवर स्वतः पाणी मारलं. त्या भिंतीत कुणी खिळा ठोकायचं म्हटलं की तो तिच्या काळजात घुसायचा. कॅलेंडर कुठं लावू, एवढंच विचारणारी नर्सबाई तिनं दारातून परत पाठवली.

शेजारी तर रोज विचारायचा, "काय रे, खोल्या भाड्याला हायेत का दर्शनाला?"

प्रश्न अब्रूचा झाला. मग मी डोकं चालवलं. मी कामाला आहे त्या गोदामात नवीन लागलेला विपुल कल्याणचा. त्याला म्हटलं, "बायकोला सांग, मी धसईचा." धसई म्हणजे कमळचं माहेर. तिकडची भेंडीसुद्धा तिला गोड लागते, मग माणसाला नाही म्हणेल?

तो ओट्यावर, मी मोरीत.

"धसईचा? कोणाचा रे तू?"

हे मी शिकवलंच नव्हतं! विपुल गडबडला. "र... रघूचा."

मग कमळ, "अगो बाई! त्याचा पोर तू? मंग मी तुझी आत्या लागते!"

मी मोरीतच स्वतःची पाठ थोपटली. (कोपर नळावर आपटलं.)

भाचा राहायला आला. आता आत्या भाच्याकडून भाडं घेईल? छ्या! उलट आमच्याकडून रोज भाकरी आणि बोंबलाचं कालवण. आणि खिळे! टीव्हीला खिळा, आरशाला खिळा, तीन पँटींना तीन खिळे.

"ठोकू द्या हो, आपलाच पोर हाय!"

भाचा वर मलाच विचारतो, "मामा, गिझर कधी लावता?"

शेवटी मी फुटलो. "कमळ, तो धसईचा नाय गो. कल्याणचा. मीच पढवला त्याला."

तिनं तांदळातून मानही वर केली नाही. "ठाव हाय. धसईत त्या नावाचा एकच. आमचा बैल."

"मग आत्या कशाला झालीस?"

"पोर गुणाचा दिसला. लबाडी तुमची, तवा त्याचं भाडंबी तुमीच भरायचं. माझ्याकडं."

तेव्हापासून स्वतःच्याच खोल्यांचं भाडं वेळेवर भरणारा तालुक्यातला एकमेव मालक मी आहे. भाडेकरू असावा तर असा!

आता कबूल करतो, यात मी रचलं ते फक्त 'रघू'. घाबरलेल्या विपुलला आमच्यातलं एकच नाव ठाऊक होतं, माझं. तेच त्यानं सांगितलं. देवराम.

लग्नात कमळनं उखाण्यात माझं नाव घेतलं, तेव्हा अख्खी धसई खो खो हसली होती. मला वाटलं, उखाणा चांगला जमला.