साहेबांच्या पुढे गेलेला सहायक

खरेदीखात्याचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत सगळी कचेरी एकमेकांशी गोड बोलू लागली. कारखाना बटणांचा, पण रुबाब असा की जणू तोफाच ओतत होते.

त्या खुर्चीवर पहिला हक्क सहायकाचा. त्याला सगळे सहायकच म्हणत. इतकी वर्षं तो सहायक होता की घरी बायकोसुद्धा रागावली की 'अहो सहायक' अशीच हाक मारी. या शब्दाने एकदाची आपली पाठ सोडावी, एवढंच त्या बिचाऱ्याचं मागणं होतं. त्याचा हक्क साहेबांना ठाऊक होता की नाही, सांगता येत नाही. साहेबांना पुष्कळ गोष्टी ठाऊक नसत.

त्यातच डॉक्टरांनी साहेबांना व्यायाम सांगितला. साहेबांना सांगितला म्हणजे कचेरीला सांगितला. फर्मान निघालं की रविवारी सगळ्यांनी सायकलवरून तळ्याला फेरी मारायची. तळ्याभोवती टेकड्या, टेकड्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षांचे मळे आणि त्या मळ्यांमधून तळ्याला गोल वळसा घालणारा रस्ता. तळ्याकाठच्या हॉटेलापासून निघायचं आणि फेरी झाली की तिथेच नव्या प्रमुखाचं नाव जाहीर करू, असंही साहेब म्हणाले. झालं! जिना चढताना ज्यांना धाप लागे, तेही सायकली शोधायला धावले. फक्त भांडारप्रमुख गुडघा दाबत म्हणाला की त्याला काही जमणार नाही, तो आपला सामानाची गाडी घेऊन मागून येईल. सगळ्यांना वाटलं, चला, एक तरी कटला.

सहायक मात्र शाळेपासूनचा पट्टीचा सायकलस्वार. बायकोला नेमकं तेच खटकलं.

"अहो, तिथे हुशारी दाखवू नका," ती म्हणाली. "घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये म्हणतात, ते काय उगाच?"

"मी कशाला पुढे जातोय? मागेच राहीन."

"तुम्ही राहाल हो. तुमचे पाय राहतील का, ते सांगा."

पहिल्याच चढावर कळलं की साहेबांच्या मागे राहणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. साहेब इतके हळू चालवत होते की सायकल चालली आहे की उभी आहे, हे कळायला चाकाकडे निरखून बघावं लागे. त्यांच्या मागे राहायचं म्हणजे त्यांच्याहून हळू चालवायची, आणि तितक्या हळू चालवलेली सायकल पडते. तशा त्या पडल्याच. आधी रोखपाल पडला, त्याच्यावर टंकलेखिका, तिच्या मागचे दोघेतिघे थेट बांधाला जाऊन भिडले. मग सगळ्यांनी तिथेच बसकण मारली आणि बसल्या जागेवरून 'वा साहेब, काय दम आहे' असं ओरडू लागले. कचेरीतही ते हेच काम करत.

एकटा सहायक रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी वळणं घेत तगून राहिला. साहेब माथ्यावर पोचून उतारावर दिसेनासे झाले. सहायकाने अदबीपुरता वेळ जाऊ दिला आणि मग तोही उतरू लागला. सायकल भाड्याची, तिचा ब्रेक नुसता शोभेचा. त्याने दाबला, सायकलीने ऐकलं नाही. वळणावर साहेब बांधाला सायकल टेकवून, मान मागे टाकून, डोळे मिटून घटाघटा पाणी पीत होते. सहायकाने घंटी वाजवली नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. चोरासारखा तो त्यांच्या पाठीमागून सुसाट निघून गेला. साहेबांना पत्ता लागला नाही, पण सहायक आता साहेबांच्या पुढे होता.

उतार संपल्यावर सायकल कशीबशी थांबली. परत वर जावं तर साहेब समोरून येणार. म्हणून तो सायकल घेऊन मळ्यात शिरला आणि साहेब पुढे जाईपर्यंत वेलींआड दबा धरून बसला. मागे बघतो तर हातात कात्री घेऊन मळ्याची मालकीण उभी.

"द्राक्षं चोरतोस होय रे?"

"नाही हो बाई. साहेब येताहेत, म्हणून लपलोय."

"साहेबाचं काय चोरलंस मग?"

तिने त्याला पुन्हा रस्त्यावर हाकललं. आता साहेब कुठल्याही क्षणी येतील, या धसक्याने तो पुढे निघाला, आणि निघता निघता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रस्ता गोल होता. गोल रस्त्यावर जो पुढे पुढे जातो, तो शेवटी मागूनच येतो. पूर्ण फेरी मारायची आणि गुपचूप साहेबांच्या पाठीशी येऊन उभं राहायचं! माणसाला अक्कल सुचते ती अशी, नको तिथे आणि नको तेव्हा.

सहायकाने मान खाली घातली आणि पायडल मारत सुटला. लोक जे बघायला लांबून येत, ते निळं पाणी आणि ते लटकलेले घड त्याने पाहिलेसुद्धा नाहीत. हॉटेलावरून तर तो आणखी वाकून गेला. पुन्हा तो चढ, पुन्हा ते वळण. बांधापाशी कोणी नव्हतं. प्रत्येक वळणाआधी तो वेग कमी करी, मान काढून बघे, साहेबांची पाठ दिसत नसे. साहेब भलतेच जोरात निघाले म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला साहेबांबद्दल खराखुरा आदर वाटला.

"सापडला का साहेब?" मळ्यातून मालकिणीने विचारलं. नाही म्हणून त्याने मान हलवली. तिला दया आली असावी, तिने एक घड हातावर ठेवला.

दिवस मावळता मावळता तो हॉटेलात पोचला तेव्हा पाय स्वतःचे राहिले नव्हते. आत सगळे अंघोळी करून ताजेतवाने बसले होते आणि आपण साहेबांच्या पाठोपाठच कसे होतो, हे एकमेकांना सांगत होते. टंकलेखिकेने त्याला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "साहेबांना त्या वळणावरच धाप लागली. भांडारप्रमुखांनी गाडीत घातलं आणि वरच्या रस्त्याने थेट इथे आणलं. मग आम्हीही माघारी आलो. फेरी पूर्ण झाली असंच म्हणायचंय हं."

तेवढ्यात साहेब उठले. खरेदीखात्याला वेळेवर हजर असणारा माणूस हवा, म्हणून ती जागा आपण भांडारप्रमुखांना देत आहोत, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. भांडारप्रमुख ताडकन उठून उभा राहिला, गुडघ्याला हातही न लावता. मग साहेबांची नजर दाराकडे गेली.

"काय हो सहायक, होता कुठे तुम्ही?"

"आपल्या मागेच होतो, साहेब."

"इतके मागे? अहो, एवढ्या वेळात माणूस तळ्याला दोन फेऱ्या मारून येईल."

सगळे हसले. रोखपाल सर्वांत मोठ्याने हसला. खरं सांगावं तर साहेबांची फेरी खोटी ठरणार आणि आपण पुढे गेलो होतो हेही उघड होणार. सहायकाने भिंतीचा आधार घेतला.

"हो साहेब," तो म्हणाला. "सहज येईल."