जेवणाच्या टेबलावरचं वाळवंट

"या प्रवासात चूक होणारच नाही!" असं बारीकबाईनं जाहीर केलं तेव्हा तिचा नवरा पलंगाखाली शिरून दुसरा मोजा शोधत होता. "चुकीला मी जागाच ठेवलेली नाही."

ते खरं होतं. पण चुका काही आधी जागा धरून येत नाहीत. त्या उभ्यानं प्रवास करतात!

बारीकबाई हे तिला सासरी पडलेलं नाव. अंगानं नव्हे, नजरेनं बारीक. धान्यातला खडा तिला पिशवी सोडायच्या आधीच दिसतो, अशी घरात तिची ख्याती होती. ती एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायचे, काचेवरच्या पेशी बघायच्या आणि त्यांचे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात मोजपट्टी हवीच, नाहीतर बघणाऱ्याला वस्तू केवढी ते कळणार कसं? मोजपट्टी राहिली की प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम फोटो तसाच परत पाठवायच्या. केसाहून बारीक वस्तूचा फोटो बारीकबाई झोपेतही काढू शकली असती. पण हाताच्या अंतरापलीकडचं असं तिनं आजवर काहीच टिपलेलं नव्हतं.

मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काम करताना मधूनमधून नजर लांबवर न्या. डोळ्यांना विश्रांती मिळते."

त्या दिवसापासून ती लांबवर बघायला लागली, आणि तिच्या लक्षात आलं की लांब असं काही नाहीच! प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सांडपाण्याचे पाइप. हॉलच्या खिडकीबाहेर समोरच्यांचे वाळत घातलेले पायजमे. नजर बाहेर पडायची, पायजम्यावर आपटायची आणि परत यायची.

"मला असं काहीतरी बघायचंय," ती नवऱ्याला म्हणाली, "की ज्याच्यापुढे काही नाही."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं सगळं आयुष्य तळमजल्यावरून गच्चीवर आणि गच्चीवरून तळमजल्यावर गेलेलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मलाही एकदा आडवं जायचंय गं. सरळ. मध्ये एकही मजला न लागता."

अशी दोघांची वाळवंटाशी गाठ पडली.

बेत असा होता. वाळवंटातली तीन राष्ट्रीय उद्यानं, त्यांची जुनी छोटी गाडी, आणि वाटेत निसर्गाचे फोटो. पहिल्या उद्यानात वाळूच्या टेकड्या, दुसऱ्यात तांबडे कडे, तिसऱ्यात आटून मिठानं पांढरा झालेला तलावाचा तळ. पुढच्या सीटवर दोघं, मागच्या सीटवर कॅमेरा, ट्रायपॉड आणि पाण्याचे कॅन.

अडचणी दोनच. एक, मोठ्या मॅडम. रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता, आणि याआधीचे अर्ज "सध्या शक्य नाही" असा शेरा घेऊन परत आलेले होते. दुसरी अडचण पलीकडच्या गल्लीत राहायची. नणंद, म्हणजे ताई. बेत कळल्यापासून ती रोज विचारायची, "गाडीत मागे किती जण बसतात रे बाळ्या?" आणि बाळ्या, म्हणजे आपला लिफ्टवाला, रोज सांगायचा, "मागे पाणी बसतं, ताई."

बारीकबाईनं अभ्यास सुरू केला तेव्हा तिला कळलं, की निसर्गाचा फोटो म्हणजे सगळा उजेडाचा खेळ. सूर्य क्षितिजाला टेकलेला असला की सावल्या लांबतात, वाळूची सुरकुती न् सुरकुती उठून दिसते. आणि हा उजेड चहा निवायच्या आत संपतो!

"म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच पहाट मिळणार," ती म्हणाली. "ती काय शिकण्यात घालवायची? तालीम इथेच करून जायचं."

"वाळवंटाची तालीम? कुठे?"

तिनं जेवणाच्या टेबलाकडे बघितलं. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही, कारण लग्न जुनं होतं.

नव्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम चालू होतं, तिथून त्यानं वाळू आणली. शनिवारी दोघांनाही सुट्टी होती. बारीकबाईनं वाळू पिठाच्या चाळणीनं चाळली, तव्यावर कोरडी केली आणि टेबलावर ओतली. कोरडी वाळू आपला उतार आपणच ठरवते. ढीग वाटीएवढा असो की डोंगराएवढा, त्याहून उभा तो राहत नाही. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण डोळ्यांसमोर टेकडी आपोआप घडताना बघून तिच्या अंगावर काटा आला. वाळूवरच्या लाटा तिनं नवऱ्याच्या कंगव्यानं काढल्या. आकाश म्हणून निळी चादर टांगली. सूर्य म्हणजे टेबललॅम्प, आणि तो धरायला नवरा स्टुलावर.

"सूर्य जरा खाली घे."

नवऱ्यानं सूर्य खाली घेतला.

"आणखी."

"सूर्याचा खांदा अवघडलाय!"

"हलू नकोस! मावळशील!"

तेवढ्यात खिडकीतून शेजाऱ्यांचा बोका आला. त्याच्या मते, इतक्या वर्षांत या माणसांनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी सोयीचं काम केलं होतं. तो टेबलावर चढला, टेकडीच्या धारेवरून रमतगमत गेला, पलीकडच्या दरीत बसला, डोळे अर्धवट मिटून आपला कार्यभाग उरकला, वर नीट वाळू ओढली आणि निघून गेला.

"शी! शी!" नवरा ओरडला. सूर्य डगमगला.

"थांब!" बारीकबाई म्हणाली. पावलांची रांग टेकडीच्या कण्यावरून थेट क्षितिजात गेली होती. प्रत्येक ठशात एक छोटी काळी सावली. तिनं श्वास रोखून बटण दाबलं.

फोटो असा आला, की दोघं तो आळीपाळीनं पुन्हापुन्हा बघत राहिले. मग नवऱ्याला राहवलं नाही. "हिनं काढलेला फोटो!" एवढंच लिहून त्यानं तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. यात खोटं काय? काहीच नाही.

पहिलं उत्तर ताईचं. "पोचलात? न सांगता?" त्याखाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग, टेकडीवरच्या ठशांइतकीच लांब.

"अरे देवा! लवकर लिही, की हे आपलं टेबल आहे!"

नवरा लिहायला लागला, एवढ्यात काका आले. म्हणजे ग्रुपवर आले. काका हे नवऱ्याचे सख्खे चुलते, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वाळवंट, ज्वालामुखी आणि भरती-ओहोटी ही खाती कुटुंबात त्यांच्याकडे होती. त्यांनी लिहिलं, "शाब्बास बाळ्या! शाब्बास सूनबाई! टेकडीच्या मानाने ठसे बघता जनावर बैलाएवढे असावे. मार्जारकुळातले. अत्यंत दुर्मीळ! गाडीतून उतरू नका!"

नवऱ्याचा अंगठा हवेतच थांबला. "काकांनी मला शाब्बास म्हटलं," तो हळूच म्हणाला. "भूगोलात नापास झालो तेव्हापासून ते मला साधा पत्ताही विचारत नाहीत."

"अरे, तो बोका आहे!"

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला?"

आणि त्यानं लिहून टाकलं, "काळजी नको. गाडीतच आहोत."

एकच वाक्य! त्यानं दोघांना घरात कोंडून टाकलं. पलीकडच्या गल्लीत ताई, म्हणजे खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बोलणं कुजबुजत. गाडी नवऱ्यानं इमारतीच्या मागे नेऊन ताडपत्रीखाली झाकली. "सोमवारी म्हणू, गाडी बिघडली म्हणून परत आलो," त्यानं ठरवलं.

रविवारी ग्रुपला नवं वाळवंट हवं झालं. "दुसऱ्या उद्यानात कधी पोचताय?" "उंट दिसला का?" "जनावर परत आले का? शेपटीचा फोटो घ्या!" मग फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्यांचे तांबडे कडे उभे राहिले. घरातलं सगळं मीठ ट्रेमध्ये पसरून, पाणी शिंपडून, दिव्याखाली वाळवून आटलेला तलाव झाला. त्या दिवशीची भाजी अळणी होती, पण काकांनी तलावाला पैकीच्या पैकी गुण दिले.

आपण खोटेपणा करतोय, याचं बारीकबाईला वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण टेबलाच्या कडेला गाल टेकवून एक डोळा मिटला की फ्रिज दिसेनासा व्हायचा, भिंत दिसेनाशी व्हायची. उरायची फक्त वाळू, आणि वाळूपुढे वाळू. डोळा उघडला की पुन्हा फ्रिज. ती पुन्हा मिटायची.

संध्याकाळी ती तशीच डोळा मिटून होती, नवरा स्टुलावर होता, शेपटीच्या फोटोसाठी आत घेतलेला बोका दरीत होता, आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

घराची जादा किल्ली ताईकडे असायची. ताई हातात पाण्याची बाटली घेऊन आत आली, स्वतःशीच बोलत बोलत. "सांगून गेले नाहीत तर नाहीत, पण झाडांचा काय दोष? ती बिचारी पाण्यावाचून…"

ती थांबली. तिनं भावाकडे बघितलं, भावजयीकडे बघितलं, बोक्याकडे बघितलं.

"बाळ्या," ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"ताई," बाळ्या म्हणाला, "सूर्यास्त."

ताई खुर्चीत बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. ताईनं बराच वेळ न बोलणं हे त्या घरात बोक्यालाही नवीन होतं.

"म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत?"

"नाही."

"मला टाकून गेला नाहीत?"

"अहो ताई, रजाच कुठे मंजूर झालीये!" बारीकबाई म्हणाली. काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं जागा करून दिली. "इथून बघा. गाल टेकवा. एक डोळा मिटा."

ताईनं गाल टेकवला, डोळा मिटला. "अगंबाई!" आणि मग अगदी हळू, "किती लांब आहे गं."

थोड्या वेळानं टेबलाच्या कडेवरूनच आवाज आला, "मी फार जागा घेत नाही. पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसेन."

बारीकबाईनं नवऱ्याकडे बघितलं. चुकीला जागा ठेवलेली नव्हती, पण ताईला निघाली.

जाताना ताईनं वचन दिलं, की हे कुणाला सांगणार नाही. ती घरी पोचायच्या आत काकांना कळलेलं होतं! "भूगोलाची थट्टा!" एवढंच लिहून काकांनी ग्रुप सोडला. जेवणाच्या वेळेला परत आले. पण तोवरच्या दोन दिवसांत त्यांनी ते दुर्मीळ जनावर बागेत सोबत फिरणाऱ्या सगळ्यांना पाठवून टाकलं होतं, "आमची सूनबाई आठवडाभर वाळवंटात" या मजकुरासह. आणि त्या फिरणाऱ्यांमध्ये मोठ्या मॅडम होत्या.

सोमवारी बारीकबाईला बोलावणं आलं. टेबलावर मॅडमचा फोन होता, फोनमध्ये टेकडी होती आणि शेजारी रजेचा अर्ज. वाळवंट गेलं, असं तिच्या मनानं तिथेच ठरवलं.

"तू वाळवंटात आहेस म्हणे."

"नाही, मॅडम. इथेच आहे."

"ते दिसतंय." मॅडमनी फोटो बोटांनी मोठा केला. "वाळूचे कण सुटे मोजता येताहेत. डोंगराएवढ्या टेकडीचे इतक्या लांबून दिसतील? ही टेकडी माझ्या वितीत मावेल. हे जनावरही बशीतलं दूध पिणारं आहे." त्यांनी चष्मा काढला. "आणि मोजपट्टी कुठे आहे?"

"चुकलं, मॅडम. मला फक्त… लांबचं काहीतरी काढायचं होतं."

मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीबाहेर भिंत होती. "ही भिंत मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या आणि अर्जावर सही केली. "जा. पण या वेळी मोजपट्टी हवी. नाहीतर परत पाठवीन. फोटो नव्हे, तुला!"

पहिल्या उद्यानात ते उजाडायच्या जरा आधी पोचले. ताई मागे खरंच कॅन मांडीवर घेऊन बसली होती. बारीकबाई गाडीतून उतरली. समोर काही नव्हतं. भिंत नाही, पाइप नाही, पायजमे नाहीत. तिची नजर गेली, आणि परत आलीच नाही. ती नुसती उभी राहिली. कॅमेरा, तालीम, उजेडाचं गणित, सगळं गाडीतच राहिलं.

"अगं, सूर्य वर येतोय!" नवरा ओरडला. "आणि हा खाली घेता येत नाही!"

तिनं धावत ट्रायपॉड लावला आणि मग तिला मोजपट्टी आठवली. पर्समधली पट्टी तिनं वाळूत टोचून बघितली. एवढ्या मोठ्या पसाऱ्यापुढे ती दात कोरायच्या काडीसारखी दिसली.

"तूच जा," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या टेकडीवर उभा राहा."

"किती लांब?"

"जा तू. मी सांगते."

तो निघाला. सरळ, आडवा. मजला लागेना, दार उघडेना, कुणी बटण दाबेना. तो अर्धा झाला, मग बोटाएवढा, मग नखाएवढा. "आणखी?" असा त्याचा बारीक आवाज आला.

"आणखी!" ती ओरडली. तो चालतच राहिला, आणि आता थांब म्हणायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी धारेवर एक ठिपका उभा राहिला, त्यानं हात हलवल्यासारखं वाटलं, आणि तिनं बटण दाबलं.

तिचा तो आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. रस्त्याला लागल्यावर रेंज आली, आणि ताईनं तो लगेच ग्रुपवर टाकला.

"काका काय म्हणताहेत?" गाडी चालवता चालवता नवऱ्यानं विचारलं. "मी दिसतोय का त्यांना?"

"दिसतोयस," बारीकबाई म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

काकांनी लिहिलं होतं, "एकदा फसलो, पुन्हा नाही! टेकडीवर मुंगी स्पष्ट दिसते आहे. सूनबाई, टेबल पुसत जा."