गल्लीभर ऐकू येणारी प्रार्थना

आमच्या गल्लीत कोणाला मूळव्याध झाली, तर ती डॉक्टरच्या आधी देवाला कळायची आणि देवाच्या बरोबरीनं गल्लीला. कारण योहानकाका ती रोज पहाटे देवाला मोठ्यानं सांगायचे.

उजाडायच्या सुमाराला काका डोक्याला मफलर गुंडाळून अंगणात उभे राहत. त्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त तुऱ्हाट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं कूड, तेही कमरेएवढं. हात जोडून, डोळे घट्ट मिटून सुरुवात मोठी भारदस्त व्हायची. "हे आमच्या स्वर्गीय बापा, आम्ही नम्रपणे तुझ्या पवित्र चरणांशी येतो." इथवर सगळं पुस्तकी. मग गाडी सडकेवरून वावरात उतरायची. "त्या दगडूची म्हैस आटून राह्यली, तिच्याकडे ध्यान दे. त्याची बायको रुसून माहेरी गेली, हे त्यानं कोणालेच सांगतलं नाई. पण तुले तं माहीतच आहे." देवाला माहीत होतं, हे खरं. पण आता दगडूच्या सासुरवाडीच्या मंडळींशी बोलणं असलेल्या चार घरांनाही माहीत झालेलं असे, आणि दगडू दिवसभर तोंड चुकवत फिरे.

काकांना यात काही वावगं वाटत नसे. कारण आपण हळू बोलतो अशी त्यांची खात्री होती. खामगावात एका जिनिंगमध्ये ते यंत्रांना तेल घालायचे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांचा खडखडाट असा, की शेजारच्याकडे चुना मागायचा तरी कोकलावं लागे. त्यात उभा जन्म गेलेला. "मी तं कुजबुजतो बापू," असं ते मला सांगायचे, तेव्हा पलीकडच्या आळीतली कुत्री उठून बसायची.

हे प्रार्थनेचं प्रकरण त्यांच्या मागं लागलं ते त्यांच्या चर्चमुळं. महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं, आणि त्यांच्या चर्चमध्ये पाळकही नवीनच आले होते. त्यांनी सगळ्यांना बजावलं की येशूची सुवार्ता सांगणं हे एकट्या पाळकाचं काम नाही, ज्याला जसं जमेल तसं त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत न्यावं. मंडळी कामाला लागली. एक मास्तरीणबाई रविवारी पोरं जमवून गोष्टी सांगू लागल्या. दवाखान्यातली एक नर्स मलमपट्टी करता करता दोन शब्द बोलायची. कोणी आठवडी बाजारात पेटी घेऊन गायला बसायचं.

योहानकाकांच्या मात्र जिवाला घोर लागला. हा घोर हाच त्यांचा खरा सोबती. बायको, राहेलकाकू, वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांचा घोर, असे दोघंच.

"मी वर गेलो का मले विचारतीन," ते म्हणायचे. "योहान, तू कोणाले सांगतलं? मंग मी काय तोंड दाखवू?"

आधी ते बाजारात उभे राहिले. खोक्यावर चढले, "भावांनो" म्हणाले, समोरची माणसं पाहिली आणि घामाघूम होऊन समोरच्या बाईला कांद्याचा भाव विचारून खाली उतरले. मग छापील पत्रकं वाटायला घेतली. ती हातोहात खपली, म्हणून खूश झाले. दोन दिवसांनी कळलं की एका फुटाणेवाल्यानंच सगळी नेली होती. आमच्या आईनंही एक लोणच्याच्या बरणीवर बांधलं होतं. गाणं म्हणून पाहिलं, त्याबद्दल मेलेल्याची निंदा नको म्हणून मी बोलत नाही. शेवटी पाळक टेकीला आले आणि म्हणाले, "योहान, तुम्ही आपले शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करा. तीही साक्षच आहे."

हे काकांना जमलं. ते रोज संध्याकाळी दारोदार जायचे. "काई दुखणंखुपणं? काई चिंता?" असं अगदी वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला येतो तसं विचारायचे. लोक "काई नाई, काई नाई" म्हणत दार लोटायचे. पण पोरगं तापानं फणफणलं की तेच लोक मागच्या दारानं त्यांच्याकडे जात आणि वर बजावत, "काका, सांगा, पण नाव नका घेऊ." काका नाव घ्यायचे. नाव घेतल्याशिवाय पोहोचतं कसं, असा त्यांचा सवाल होता.

आमच्या घरच्या बातमीला तर त्यांच्या प्रार्थनेत कायमची जागा होती. माझी बहीण कमल. लहानपणी तापात तिचा डावा कान गेला होता. "आमच्या कमलच्या डाव्या कानाले आयकू येऊ दे," हे वाक्य मी इतक्या पहाटे ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन. वडील नव्हते, त्यामुळे तिच्या लग्नाची काळजी माझ्या डोक्यावर, आणि माझं डोकं काळजीसाठीच केलेलं. एक चांगलं स्थळ या कानापायी आधीच मोडलं होतं. तेव्हापासून पाहुणे आले की आई कमलला डावीकडे भिंत येईल अशी बसवायची.

"कान माहा अन् लपवता तुमी," कमल म्हणायची. "सांगून टाका ना एकदाचं."

"लग्न होऊ दे, मंग सांग साऱ्या जगाले," आई म्हणायची.

अशात रोहिणखेडचं स्थळ आलं. घर शेतीवाडीचं, मुलगा शिकलेला, मागणं काही नाही. मुलाचे वडील गणपतराव एकटेच मुलगी पाहायला येणार होते, रात्री आमच्याकडेच मुक्काम करणार होते आणि सकाळी हो की नाही ते सांगून परत जाणार होते. मुक्काम हा शब्द ऐकला आणि मी कुडापलीकडे पाहिलं. मुक्काम म्हणजे सकाळ, आणि सकाळ म्हणजे योहानकाका.

मी त्यांच्याकडे गेलो. देवाचं नाव घेऊ नका, असं कुठल्याही माणसाला कसं सांगायचं? मी बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. काका माझं तोंड पाहत होते.

"बोल बापू, कायचा घोर आहे?"

सांगितलं. आपली प्रार्थना कोणाकोणाला ऐकू जाते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. मला फार वाईट वाटलं, पण कमलचं वाईट होण्यापेक्षा ते परवडलं.

"उद्या फक्त मनातल्या मनात करा काका."

"मनात केली का मले झोप लागते रे," ते खरेपणानं म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "असं करतो. पहाटे मी नाल्याकडे जातो. बोरीची झुडपं आहेत तिथं. तिथून इकडे आवाज यायचा नाई. पण उद्या तं तिच्यासाठी करनंच लागन, बापू. उद्याच तं खरी गरज आहे."

मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले.

संध्याकाळी गणपतराव आले. फेटा, मिशा, बोलणं कमी. कमल भिंतीशी बसली, उजव्या कानानं सगळं ऐकलं, सगळी उत्तरं दिली. पिठलं-भाकरी झाली. "सकाळी सांगतो," एवढंच बोलून पाहुणे बाजेवर आडवे झाले. मी मात्र कूस बदलत राहिलो.

पहाटे शेजारच्या अंगणात शुकशुकाट होता. मी देवाचे आभार मानले. कुठल्या देवाचे, ते त्या वेळी पाहिलं नाही. तेवढ्यात गणपतराव उठले, त्यांनी तांब्या भरून घेतला आणि विचारलं, "कोणीकडे जाऊ?"

आणि आई सहज म्हणाली, "असे सरळ नाल्याकडे जा भाऊ. बोरीची झुडपं आहेत तिथं. आडोसा आहे."

तांब्या घेऊन निघालेल्या माणसाला थांबवायला जगात कुठलंच कारण नाही. मी दोन-तीन सुचवायचा प्रयत्न केला. "तिकडे काटे आहेत," म्हणालो. ते म्हणाले, "काटे कोठी नाईत?" आणि गेले.

त्यांना यायला जो वेळ लागला, तो मी कसा काढला ते मलाच माहीत. कुत्रं चावलं म्हणावं तर ओरडणं ऐकू आलं नव्हतं. मी आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसली आणि लाकडं पुढं सारायची विसरली. "झालं," म्हणाली. "मोडलं."

पाहुणे आले, हातपाय धुतले, बैठकीत बसले. चेहऱ्यावरून काही कळेना. "पोरीले बोलवा," म्हणाले. कमल चहा घेऊन आली. त्यांनी तिला भिंतीशी बसू दिलं नाही. स्वतः उठले, तिच्या डाव्या अंगाला जाऊन बसले आणि अगदी हळू काहीतरी विचारलं.



कमल वळली आणि शांतपणे म्हणाली, "काका, इकडून बोला. त्या कानानं मले आयकू येत नाई."

"माहीत आहे," गणपतराव म्हणाले. "तू सांगतं का नाई, ते पाहून राह्यलो होतो." मग आईकडे वळून म्हणाले, "माह्या घरात बाईचे दोनी कान शाबूत आहेत वैनी, पण लग्न झाल्यापासून तिनं माहं एक आयकलं नाई. हिचा एक तरी चालू आहे. आमच्याकडून हो."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी रडलो नाही, पण चहा अंगावर सांडला.

त्यांना बसवर पोचवायला गेलो, तेव्हा वाटेत ते मिशीतल्या मिशीत हसायला लागले. "तो नाल्यावरचा गडी कोण लागते तुमचा?"

"शेजारी आहेत."

"मी झुडपामागं बसलो अन् पलीकडे त्यानं सुरू केलं. आता उठता येते का मले? बसल्या जागी साऱ्या गल्लीची दुखणी आयकली. तुमच्या बहिणीचं नाव आलं, कान आला, माहंही नाव आलं. त्या पाहुण्याच्या मनात दया घाल, म्हणे. पोरीसाठी रडून राह्यला होता, खरंच सांगतो. मले वाटलं तिचा सख्खा चुलता असन." त्यांनी फेटा सारखा केला. "मंग तो चुप झाला. पण जाये ना. हात जोडून उभाच. कायची वाट पाहून राह्यला काय माहीत. इकडे माह्या पायाले मुंग्या. शेवटी मी झुडपातूनच म्हटलं, हाव, होईन तसं. तवा कोठी तो गेला. कोणाले सांगजो नको बापा, लाज वाटते."

त्यांची बस गेली आणि मला नवा घोर लागला. झुडपातून देव बोलल्याची एक गोष्ट काकांनीच मला कधीतरी सांगितली होती. आता या भोळ्या माणसाला आपल्यालाही तसाच आवाज आला असं वाटलं असणार. तो चर्चमध्ये उभा राहून सांगणार. उद्या खरं कळलं की लोक हसणार. आणि खरं सांगावं तर आजच त्याचा आनंद जाणार. घरी पोचेपर्यंत माझा काही निर्णय झाला नाही.

काका ओसरीवर बसून कामावर जायच्या सदऱ्याला बटण लावत होते. मी लग्न जमल्याचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. या खेपेला खरोखरच आवाज आला नाही.

"काका," मी चाचरत म्हणालो, "सकाळी नाल्यावर…"

"झुडपात पाहुणे होते," काका म्हणाले. "तांब्या दिसून राह्यला होता मले, डोळे उघडल्यावर."

ते सुई ओवू लागले. दोरा काही केल्या आत जाईना.

"आमच्यात एकानं प्रार्थना केली का दुसऱ्यानं आमेन म्हणा लागते बापू. राहेल म्हणे. मी अंगणात उभा असो, ती आत भाकरी थापता थापता म्हणे. ती गेली, तरी मी रोज शेवटी जरासा थांबतो. सवय आहे." त्यांनी सुई माझ्या हातात दिली. "आज इतक्या दिवसांनी कोणी हाव म्हटलं. मंग तो देव असो का तांब्यावाला, मले चालते."

मी सुईत दोरा ओवून त्यांच्या हातात दिला आणि कामावर जायला निघालो. रात्री जेवताना आईला राहेलकाकूंच्या आमेनचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका परत अंगणात उभे होते. दगडूची म्हैस झाली, त्याची बायको झाली, माझं डोकं आणि त्यातल्या काळज्या झाल्या. कमलच्या संसाराला सुख मागून झालं. मग आवाज थांबला. आई आमच्या अंगणात सडा टाकत होती. तिनं बादली खाली ठेवली, कुडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाव भाऊ. तसंच होऊ दे."