देवदूताची पालखी आणि चोवीस दाखले

कोणतेही राष्ट्र शत्रूच्या तोफांनी बुडत नाही. धर्म सुटला आणि सगळ्यांची मिळून असलेली नीती सुटली, की मगच बुडते. हे सत्य राष्ट्रीय नीती परिषदेने राजधानीत चार दिवस बसून (दोन्ही वेळच्या जेवणासह) शोधून काढले आणि ते राबवण्यासाठी पहिले गाव निवडले, डोंगरातले सान राफाएल.

निवड योग्यच होती, कारण या गावात राष्ट्र खांद्यावर घेता येते. दर ऑक्टोबरात राफाएल देवदूताची पालखी चर्चमधून निघते आणि उभी चढण चढून माथ्यावरच्या क्रुसापर्यंत जाते. पालखी कसली, लाकडाचे घरच ते. चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लाल मखमलीची झालर आणि वर हातात मासा धरून उभा देवदूत. खांदे चोवीस लागतात. चढणीवर पालखी जमिनीला टेकली, तर गावाला वर्ष वाईट जाते असे लोक म्हणत. परिषदेने अभ्यास करून ‘गावाला’ काढले आणि तिथे ‘देशाला’ घातले.

आजवर खांदा कोणीही देई. दारुडे देत, बायकोला सोडून आलेले देत, बायकोने सोडलेले तर हौसेने देत. असल्या खांद्यांवर देश इतकी वर्षे टिकला कसा, हे परिषदेला समजेना. (टिकला होता हे तिने मान्य केले, पण ते टिकणे नियमबाह्य धरले.) तेव्हा हुकूम निघाला, की यापुढे ज्याच्याकडे नीतीचा दाखला, त्याचाच खांदा.

दाखल्याच्या अटी साध्या होत्या. लग्न चर्चमध्ये लागलेले असावे. घरी मक्याची दारू गाळू नये. शिवी देऊ नये. भावकीत जमिनीचा तंटा नसावा, असल्यास जिंकलेला असावा. आणि दोन नीतिमान माणसांची शिफारस असावी. या शेवटच्या अटीने थोडा घोळ झाला, कारण दाखलाच कोणाकडे नसल्याने गावात नीतिमान असा कोणी नव्हता. अखेर औषधांच्या दुकानाचे सेनोवियोशेठ आणि त्यांचे साडू यांनी एकमेकांची शिफारस केली आणि नीती गावात शिरली. साडेतीन हजारांतून चोवीस जण पात्र ठरले. खांदेही चोवीसच लागतात. ही ईश्वरी योजना.

ओदिलियाला दाखला मिळाला नाही.

ओदिलिया बाजारात तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले मुटके, विकायची. गेल्या वर्षी तिच्या कासिमिरोची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा ती देवदूताला नवस बोलली: हा पुन्हा उभा राहिला, तर चढणीवर तुझा भार उचलीन. पावसाळा सरता सरता कासिमिरो काठी धरून उभा राहिला आणि उभा राहताक्षणी म्हणाला की तमालमध्ये मीठ कमी आहे. नवस पावला यात शंका उरली नाही.

अडचण एवढीच, की कासिमिरोची लग्नाची बायको तरुणपणीच बंदराकडे गेली ती तिकडचीच झाली. ती हयात आणि खुशाल होती, त्यामुळे ओदिलियाशी त्याचे लग्न लागण्याची सोय नव्हती. परिषदेचे निरीक्षक बारिएंतोससाहेब यांनी फार सभ्यपणे चौकशी केली.

“बाई, नवस ज्याच्यासाठी बोललात, तो इसम तुमचा कोण?”

“कोण म्हणजे? कासिमिरो!”

“नात्यानं?”

“साहेब, अठ्ठावीस वर्षं त्याचं घोरणं ऐकतेय. याला तुमच्या नात्यांत काय म्हणतात ते तुम्हीच लिहा.”

साहेबांनी ‘कोणी नाही’ असे लिहिले. एका परक्या बाईच्या सांगण्यावरून एका परक्या पुरुषाला बरे करणे, यात देवदूताचेही चुकलेच. पण त्याच्यावर कारवाईची तरतूद नव्हती.

घरी येऊन ओदिलिया चुलीपुढे बसली.

“नवस फेडला नाही, तर दिलेलं परत नेतो तो,” ती म्हणाली.

“काय परत नेतो?”

“तुला, मेल्या. दुसरं काय दिलंय त्यानं मला?”

“हातात एवढा मोठा मासा आहे त्याच्या. मला कुठं धरणार?” कासिमिरो म्हणाला. पण त्या दिवशी मिठाबद्दल तो काही बोलला नाही.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. चोवीस सज्जनांनी खांदे लावले, बँड वाजू लागला आणि राष्ट्र चढणीला लागले.

इथे पालखीचे शास्त्र सांगायला हवे. चढणीवर ज्याने गुडघा बोटभर वाकवला, त्याचा भार शेजाऱ्यावर जातो. तोंड तेवढे वेदनेने आवळून धरले, की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. शेजाऱ्याला मात्र लागतो. पूर्वी असा गुडघा वाकला, की शेजारचा त्याच्या आईपासून सुरुवात करी आणि आजीपर्यंत पोचायच्या आत गुडघा सरळ होई. सगळ्यांची मिळून असलेली नीती ती हीच असावी. गावात तिला वेगळे नाव नव्हते.

आता शिवीला बंदी होती. चोवीसही जण एकाच श्रद्धेने चालत होते, की उरलेले तेवीस सज्जन आहेत. इतकी एकमुखी श्रद्धा त्या चढणीने पूर्वी पाहिली नव्हती. पिठाच्या गिरणीपाशी चोवीस गुडघे वाकले. पालखी हातभर खाली आली. सज्जन आणखी नम्र झाले. मखमलीच्या झालरीला जमिनीवर चुण्या पडू लागल्या.

“आज देवदूत किती हलका वाटतोय नाही!” सेनोवियोशेठ म्हणाले. साडूंनी मान डोलावली.

कडेला गर्दीत उभ्या ओदिलियाला देवदूताचा मासा कलताना दिसला. दाखला खांदा देणाऱ्याला लागतो. झालरीखाली शिरणाऱ्याला लागतो असे कोणी म्हटले नव्हते. तिने झालर उचलली, आत शिरली आणि आडव्या तुळईला खांदा भिडवला. मागोमाग मक्याची दारू गाळणारी त्रान्सितो मावशी आली. मग पाववाली नोएमी आली. ती दुसऱ्या पंथाची, मूर्तीकडे बघणेही तिला पाप.

“मी देवदूत उचलत नाहीये हं,” ती धापा टाकत म्हणाली, “मी नुसतं लाकूड उचलतेय.”

“लाकूडच जड आहे बये, देवदूत आतून पोकळ आहे,” त्रान्सितो मावशी म्हणाली. “मास्तर, तुम्ही? तुम्ही तर देव मानत नाही!”

“पालखी घसरली तर खाली माझी शाळा आहे,” एलिहिओ मास्तर म्हणाले. “सरका.”

तेवढ्यात झालर पुन्हा हलली आणि आधी एक काठी आत आली.

“तू कशाला आलास रे?” ओदिलिया ओरडली. “तुझ्यासाठीच तर उचलतेय!”

“मग बाहेर उभा राहून बघू होय? हो तिकडं.” कासिमिरोने काठी तुळईखाली रोवली आणि डावा, चांगला खांदा लावला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

पालखी वीतभर उठली, पण पुढे सरकेना. त्रान्सितो मावशीचा धीर सुटला.

“कोण रे ते गुडघे मोडून चालणारे? ताठ व्हा, नाहीतर तुमच्या आईला...”

पुढचे गावातल्या कोणालाही पाठ आहे. पण बाहेर तो आवाज नेमका देवदूताच्या पायांखालून आला. चोवीस गुडघे एकदम सरळ झाले. सेनोवियोशेठ तर लग्नातही एवढे ताठ उभे राहिले नव्हते. पालखी उठली, चालली आणि माथ्यावर क्रुसापाशी जाऊन थांबली. देश वाचला.

बारिएंतोससाहेबांचा अहवाल परिषदेत टाळ्यांच्या गजरात वाचला गेला. नीतिमान खांदे लागताच पालखी आपोआप वर गेली, असे त्यात होते. देवदूताने गिरणीपाशी स्वमुखाने उपदेश केला, असेही होते (शब्द देण्याजोगे नाहीत). दाखल्याची योजना देशभर लागू करावी, अशी शिफारस होती. आणि चोवीस जणांना पाय अठ्ठेचाळीसच असायला हवेत, तेव्हा झालर वीतभर लांब करावी, अशी एक सूचना अगदी खाली, बारीक अक्षरात होती.

ओदिलियाचा खांदा काळानिळा झाला होता. कासिमिरो त्यावर दारू चोळत होता, मावशीकडचीच.

“फिटला ना?”

“फिटला.”

“मग आता तमालमध्ये मीठ...”

“आधी दाखला आण. परक्या पुरुषाला मी मीठ वाढत नसते.”

योजना आता गावोगाव पोचली आहे आणि देश उभा आहे. सान राफाएलमध्ये आज कोणालाही विचारा, तो हळूच सांगतो की त्या दिवशी आपण झालरीच्या आत होतो. सेनोवियोशेठही सांगतात. आत जागा सहा-सात माणसांची. असे सांगणारे दोन हजारांवर गेले आहेत. हे वाचताना तुम्हीही स्वतःला आतच धरले असेल आणि बाहेर गुडघे वाकवून कोण चालले होते, त्यांची नावेही तुमच्या मनात येऊन गेली असतील. हरकत नाही. एकदा खांदा दाबून पाहा.

दुखत नसेल, तर दाखल्याला तुम्ही पात्र आहात.