खैरडोहवरून गेलेले विमान

खैरडोह या गावावरून एकेकाळी विमान जात असे. ते जात होते तेव्हा गावाला त्याचा पत्ता नव्हता. ते बंद पडून पन्नास वर्षे उलटल्यावर गावाला ही गोष्ट कळली, आणि कळल्या दिवसापासून गावाचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

ही माहिती दिली ती इंद्रजित ताकसांडे सरांनी. राळेगाव तालुक्यातल्या या गावचे ते रहिवासी आणि तिथल्याच शाळेत मास्तर. विमानात सर कधी बसले नव्हते. जवळून पाहिले तेही नागपूरच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून, आणि तेवढ्यात रखवालदाराने हटकले होते. पण जुन्या विमानांबद्दल त्यांना विचारावे, किंवा न विचारावे. सांगायचे ते सांगतच. डाकोटा विमान जमिनीवर शेपूट टेकवून उभे राहायचे, त्यामुळे प्रवाशाला आतल्या आत चढण चढून खुर्ची गाठावी लागे, हे ते वरणात पोळी चुरता चुरता सांगत. देशातले पहिले हवाई टपाल अलाहाबादहून निघाले आणि यमुना ओलांडून नैनीला उतरले, म्हणजे नावाड्याने नेले असते तरी चालले असते, हे ते लोकांच्या बारशात सांगत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची जागा शेवटी भरायची.

"तुमचं इमान उतरवा आता," त्यांच्या पत्नी ममताताई म्हणत, "भाजी थंडी होऊन राह्यली."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सरांना भाषणाची संधी मिळाली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमाने रात्री टपाल घेऊन उडत, मध्यरात्री नागपूरला भेटत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या घरी परतत, हे त्यांनी रंगवून सांगितले. इथपर्यंत सगळे खरे होते. मग समोर बसलेल्या गावकऱ्यांचे चेहरे पाहून त्यांचा धीर वाढला आणि ते म्हणाले, "यातलं मद्रासचं विमान आपल्या खैरडोहवरून जात असण्याची शक्यता आहे."

या विधानाला आधार होता. सरांनी शाळेच्या नकाशावर मद्रास ते नागपूर पट्टी ठेवून रेघ मारली होती. ती नीट पाहिली तर खैरडोहच्या बरीच पूर्वेला, मुकुटबन या गावाच्याही पलीकडून जात होती. पण नकाशा लहान होता आणि पेन्सिलीला टोक केलेले नव्हते, त्यामुळे रेघच वीस-पंचवीस किलोमीटर जाड आली होती. उरलेले अंतर सरांनी गावप्रेमाने भरून काढले.

टाळ्या पडल्या. 'शक्यता आहे' हे दोन शब्द त्या टाळ्यांत चिरडून जागीच मेले.

सरपंच बबनराव त्या दिवशी जेवले नाहीत. शेजारच्या गावाला तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळून वेशीवर कमान लागली होती. खैरडोहकडे मिरवण्यासारखे काही नव्हते. एक मिनीबस होती, ग्रामसारथी योजनेतली. जब्बारभाई ती चालवत. सकाळी गावातल्या पोरींना राळेगावच्या कॉलेजात नेत, संध्याकाळी परत आणून सोडत. सरांची मुलगी रुपालीही त्यांतच होती. पण बस रोज येत असल्यामुळे तिचा अभिमान कोणाला वाटत नसे.

बबनरावांनी ठराव करून तो जिल्ह्याच्या हवाई वारसा कक्षाकडे पाठवला. असा कक्ष असतो हे गावाला माहीत नव्हते. आपल्यालाही काम असते हे कक्षाला माहीत नव्हते. स्थापन झाल्यापासून त्याच्याकडे आलेला हा पहिलाच कागद, त्यामुळे कक्षप्रमुख राजदीप सरोदे स्वतः गाडी काढून चौकशीला आले.

"विमान नेमकं कुठून गेलं?" त्यांनी ग्रामपंचायतीत बसून विचारले.

"वरून," बबनराव म्हणाले.

"गट नंबर सांगा."

सर खुलासा करायला उठले, तर बबनरावांनी त्यांचा सदरा खाली ओढला. मग साक्षीदार म्हणून सुखीबाईंना आणण्यात आले. गावात त्यांच्याहून म्हातारे फक्त पिंपळाचे झाड होते.

"आजी, तुम्ही विमान पाहिलं?"

"नाई बा. रातच्याले घरघर ये. मले वाटे आमचा बुढा घोरून राह्यला."

"आणि ते घोरत नव्हते?"

"तो त घोरेच."

"म्हणजे दोन वेगवेगळे आवाज," सरोदेसाहेबांनी समाधानाने नोंद केली. "पैकी एक विमानाचा."

पुढच्या महिन्यात मान्यता आली. मान्यतेबरोबर नियमही आले. ऐतिहासिक हवाई मार्गाखालच्या पट्ट्यात घरावर मजला चढवायचा नाही, पतंग उडवायचा नाही, आणि उंच झाडे छाटायची. हा पट्टा ठरवायला विमानाची सावली ज्या गल्लीवरून गेली ती गल्ली पिवळ्या रंगाने रंगवावी, असा आदेश होता.

सरांना राहवले नाही. "साहेब, ते विमान रात्री जात होतं. रात्री सावली कशी पडेल?"

"पौर्णिमा धरा," साहेब म्हणाले.

पौर्णिमा धरून बौद्धपुऱ्यापासून मशिदीपर्यंतची गल्ली पिवळी झाली. पिंपळ छाटला, कारण बंद पडलेल्या विमानाला तो लागला असता तर जबाबदारी कोणाची? कोणी कुरकुर केली नाही. उलट ज्यांची घरे पट्ट्याबाहेर राहिली ते रुसले, आणि त्यांतल्या दोघांनी रात्री जाऊन आपल्या दारापर्यंत पिवळा रंग ओढून घेतला.

ही बातमी छापून आली आणि मुकुटबनकर खवळले. त्यांच्याकडेही एक मास्तर होते आणि त्या मास्तरांच्या पेन्सिलीला टोक होते. 'विमान आमचे, नाही कोणाच्या बापाचे' अशा घोषणा देत तिकडे रस्ता अडवला गेला. दोन दिवसांनी पुसदनेही मागणी केली. पुसदवरून रेघ कितीही जाड मारली तरी विमान जात नव्हते, पण एवढ्या मोठ्या गावाला वगळणे हा अन्याय असल्याचे त्यांचे म्हणणे होते, आणि ते ऐकायला भरपूर माणसे आली होती.

कक्षाने सुधारित इतिहास जाहीर केला. त्यानुसार मद्रासहून निघालेले विमान मुकुटबनवर येई, तिथून पश्चिमेला वळून पुसदला प्रदक्षिणा घाली, मग पुन्हा पूर्वेला येऊन खैरडोहवरून नागपूर गाठी.

"अहो, इतकं फिरलं तर टपाल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचेल," ताकसांडे सर कक्षात जाऊन म्हणाले. "आणि बाकीची तीन विमानं नागपूरला वाट बघत बसतील!"

"सर, तुम्हाला टपाल महत्त्वाचं वाटतं की जिल्ह्याचा समतोल?" सरोदेसाहेबांनी विचारले. "शिवाय ती विमानं आता कुठं वाट बघताहेत?"

सर परत आले. खरे सांगायचे तर त्यांना वाईट वाटलेच असे नाही. गावात शिरताना लोक त्यांना आता राम राम, जय भीम, सलाम असे तिन्ही प्रकारांनी अडवून विमानाबद्दल विचारत. आयुष्यभर ज्यांनी पंगतीत जागा बदलली तेच आता खुर्ची सरकवून जवळ येत होते. माणसाला ऐकणारे मिळाले की तो मार्गाची काळजी फारशी करत नाही.

मग एका सोमवारी बस आली नाही.

पोरी वेशीवर उभ्या राहून परत आल्या. मंगळवारीही तेच. सर राळेगावच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले, तेव्हा जब्बारभाई दुसऱ्याच गावाची पाटी लावून गाडी पुसत होते.

"जब्बारभाई, आमच्याकडे काहून येऊन नाई राह्यले?"

"सर, मी त येतो म्हनलं," जब्बारभाईंनी हातातले फडके खांद्यावर टाकले. "पन वरून सांगतलं, तिकडे गाडी नेऊ नोको. खैरडोहले इमान हाये म्हने."

ग्रामसारथी योजना ज्या गावांना कोणताच प्रवासी मार्ग नाही अशांसाठी होती. कक्षाच्या नोंदीनुसार खैरडोह हवाई मार्गावर आले होते. एकाच गावाला विमान आणि बस असे दोन लाभ देणे नियमात बसत नव्हते.

सर तसेच जिल्ह्याला गेले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी चढला.

"अहो साहेब, ते विमान बंद झालं! पन्नास वर्षं झाली!"

"बंद झाल्याची गावाने कधी तक्रार केली?" सरोदेसाहेबांनी शांतपणे विचारले.

"नाही, पण..."

"पन्नास वर्षांत एकही तक्रार नाही. म्हणजे सेवा समाधानकारक आहे. ताकसांडे सर, इतका चांगला शेरा आम्ही दुसऱ्या कोणत्याही सेवेला देऊ शकलेलो नाही."

"मग हा मार्ग रद्द करा. माझी चूक झाली. विमान आमच्या गावावरून गेलंच नाही."

"तुमच्या एकट्याच्या सांगण्यावरून कसं रद्द होईल? ग्रामसभेचा ठराव आणा. ते गेलं हे गावाने सांगितलं, गेलं नाही हेही गावानेच सांगायला हवं."

ही अट सरांना योग्य वाटली. घरी येऊन त्यांनी रुपालीला धीर दिला. ती अंगणात बसून पुस्तकाला कव्हर घालत होती.

"बाबा, त्या टपालाच्या इमानात मानसं बसवत होते का?"

"हो, थोडे प्रवासी नेत," सर उत्साहाने म्हणाले. "थैल्यांच्या बाजूला खुर्च्या..."

"मंग मले त्याच्यातच बसवून द्या," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन आत गेली. सर वाक्य अर्धे तोंडात धरून तिथेच उभे राहिले. विमानाविषयीचे वाक्य पुरे न करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

ग्रामसभेला न भूतो गर्दी झाली. सरांनी नकाशा भिंतीला लावला, ती जाड रेघ दाखवली, आपण कसे बोलून गेलो ते सांगितले आणि हात जोडले. "विमान मुकुटबनच्याही तिकडून जात असेल. आपल्या गावावरून नाही. हे मान्य करू या. बस परत येईल, पोरी शिकतील."

 मग मागून आवाज आला, "म्हंजे आमचा बाप खोटं बोलत होता काय? त्यानं डोयानं पाह्यलं इमान!"

"तुझा बाप मागच्या वर्षीपर्यंत काहीच म्हणत नव्हता," सर म्हणाले.

"इचारलं कोनी त्याले?"

दुसरा उठला. "मुकुटबनवाल्यानं सराले पैसे देल्ले असतीन."

तिसऱ्याने सांगितले की विमान आल्यापासून गावातल्या पोरांना स्थळे येऊ लागली आहेत. पाहुणे आधी पिवळी गल्ली पाहतात, मग मुलगा पाहतात. चौथ्याने पेन्सिलीवर संशय घेतला.

शेवटी बबनराव उठले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. "सर, तुमची पोरगी सायकलनं जाईन. पायी जाईन. पन गावाची इज्जत एकदा गेली त कायनं वापस येईन? बसनं?"

मतदान हात वर करून झाले. विमान गेले या बाजूने सगळे गाव. सुखीबाईंनी दोन्ही हात वर केले. एक नवऱ्याच्या वतीने. विमान गेले नाही या बाजूने सरांनी आपला हात वर केला आणि बायकांच्या बाजूला पाहिले. ममताताईंचा हात पदराखालीच होता.

सर नकाशा गुंडाळून घरी निघाले. वाटेत ममताताई म्हणाल्या, "तुमी खरं बोलून राह्यले, मले मालूम हाये. पन सकाळी पानी भराले मले त्याच नळावर जा लागते."

रुपाली सायकलने मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊ लागली. तिथून मिळेल त्या वाहनाने पुढे. बाकीच्या पोरी काही दिवस गेल्या, मग उन्हाचे, मग वडिलांच्या नकाराचे निमित्त होऊन एकेक घरी बसली. त्यांतल्या एकीचे लग्न लगेच ठरले. मुलाकडच्यांना विमानाच्या गावचीच मुलगी हवी होती.

सरांनी शेवटचा उपाय म्हणून हा सगळा प्रकार सविस्तर लिहून एका वर्तमानपत्राकडे पाठवला. संपादकांना तो फार आवडला. रविवारच्या पुरवणीत, हसरे चित्र काढून, तो छापला गेला. सकाळपासून सरांचा फोन वाजू लागला. पहिला फोन एका निवृत्त प्राध्यापकांचा होता. ते म्हणाले की हसून हसून पुरेवाट झाली. आपल्या लोकांचा मूर्खपणा तुम्ही अगदी नेमका पकडला. सरांचा ऊर भरून आला. मग प्राध्यापकांनी आवाज किंचित खाली आणला.

"बरं, एक विचारायचं होतं. आमचं मूळ गाव वर्ध्याकडे आहे. तुमच्या त्या रेघेत ते येतं का, जरा बघता का?"

"तुमच्या गावाला बस आहे का?" सरांनी विचारले.

"आहे ना. बसचं काय हो, बस कुठंही असते."

संध्याकाळपर्यंत असे पुष्कळ फोन आले. डॉक्टरांचे, वकिलांचे, वाचनालयाच्या अध्यक्षांचे. सगळे चांगले वाचणारे, व्यंग कळणारे लोक. सगळ्यांनी आधी खैरडोहला मनसोक्त हसून घेतले होते, आणि मग प्रत्येकाने, थोडे खाकरून, आपल्या गावाचे नाव सांगितले होते.